फुंकणीची गाडी

आचऱ्याला बदली झाल्याची ऑर्डर हातात पडली तेव्हा मी आमच्या साहेबांना मनातल्या मनात मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. मी कऱ्हाडकडचा माणूस, भाकरी-पिठल्यावर वाढलेला. समुद्र पाहिलेला नव्हता, आणि शेजारच्या पानात मासा पडला तरी उठून जायची आमच्या घरची रीत. एस.टी.तून उतरलो तो अंग घामाने चिकचिकलेलं, हातात ट्रंक आणि राहायला जागा नाही. कुणीतरी सांगितलं, एक काकी खानावळ चालवतात, त्यांची पडवीजवळची खोली रिकामी आहे, पण बाई विक्षिप्त आहे. पोस्टातला कारकून आणि हायस्कुलातला एक मास्तर, दोघांनाही तिने दारातूनच परत पाठवलं होतं.

मी जाऊन उभा राहिलो. पन्नाशीला आलेली, काटक, सावळी बाई अंगणात नारळ सोलत होती. तिने माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. एकच विचारलं.

"तुमी रस्त्याचे सायब मां?"

साहेब कसला, बांधकाम खात्याचा साधा ओव्हरसियर मी. पण रस्त्याचा, एवढं खरं होतं. तसं म्हणालो. काकी उठल्या, सोललेला नारळ हातात घेऊन थेट रस्त्यावर आल्या आणि मातीतून वर आलेल्या एकेका दगडाशेजारी तो नारळ ठेवत चालल्या. जो दगड नारळाहून उंच भरे, त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि माझ्याकडे बघायचं. असे अकरा दगड दाखवून झाल्यावर म्हणाल्या की खोली तुमची, मासे खात नसाल तर वेगळं शिजवीन, पण हे दगड शिमग्याच्या आत निघाले पाहिजेत. मी मान डोलावली. दमलेला माणूस कशालाही मान डोलावतो.

उलगडा दुसऱ्या दिवशी जेवताना झाला. हायस्कुलातले ड्रिल मास्तर खानावळीत जेवायला येत, त्यांनी वरणभात कालवता कालवता सांगितलं. काकींना मोटार घ्यायची आहे. साधी मोटार नाही, शर्यतीची. दोन माणसांची, छप्पर नसलेली, लांब नाकाची, विलायती. तिचं पोट जमिनीपासून सोललेल्या नारळाएवढंच उंच असतं, म्हणून हा नारळाचा खटाटोप. मी हसलो. हसण्यासारखंच होतं ते. सबंध टापूत मोटारी असतील त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, रस्ता म्हणजे लाल धुळीचा पट्टा, आणि या बाईला शर्यतीची गाडी हवी! मास्तर मात्र हसले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "हळू. ऐकलं तर उपाशी राहाल."

काकींच्या घरात वेळ मोजायचं एकच माप होतं, छत्तीस. चहा ओतला की म्हणायच्या, "छत्तीस मोजा नि उचला." चूल पेटेना तर छत्तीस मोजेपर्यंत फुंकायचं, पापड निखाऱ्यावर धरायचा तो छत्तीसच्या निम्म्यापर्यंत. मला वाटलं, असेल काही देवाधर्माचं. पण तसं काही नव्हतं. ताशी शंभर मैल धावणारी गाडी एक मैल छत्तीस सेकंदांत काढते, एवढाच त्याचा अर्थ होता. माझ्यासारख्या ओव्हरसियरला तो हिशोब कागदावर मांडावा लागला आणि ही बाई तो पापड भाजताना वापरत होती.

दुपारी झाकपाक झाली की त्या मागच्या पडवीत पाटावर बसायच्या. पुढ्यात तीन करवंट्या पालथ्या घातलेल्या, हातात तांदूळ धुवायची रोवळी धरलेली आणि डाव्या बाजूला भिंतीच्या फटीत खोचलेली लाकडी पळी. डाव्या करवंटीवर पाय दाबायचा, पळी पुढे लोटायची, पाय हलकेच सोडायचा. रोवळी डावीकडे, उजवीकडे. तोंडाने आवाज बिवाज काही नाही, नजर समोरच्या माडावर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गुपचूप मागे फिरलो. पुढे इतकी सवय झाली की मी शेजारी बसून सुपारी कातरायचो आणि त्यांची पळी चुकीच्या खाचेत गेली तर मलाही कळायचं.

हे सगळं त्या शिकल्या होत्या पत्रांतून. त्यांचे यजमान मुंबईत एका शेठच्या गॅरेजात मेकॅनिक होते. वर्षातून दोनदा घरी यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. बाकीचं वर्ष पत्रांवर. लग्न झालं तेव्हा काकींना अक्षर येत नव्हतं. दुसऱ्याकडून पत्र वाचून घ्यायची लाज, म्हणून त्या शेजारच्या मुलीच्या पाटीवर अक्षरं गिरवून वाचायला शिकल्या. आणि नवऱ्याने लिहिलं काय? दुसऱ्या बायकांना नवरे लिहीत, तब्येत सांभाळ, म्हशीकडे बघ. ह्यांनी पानंच्या पानं लिहिली ती शेठच्या गाडीबद्दल. तो माणूस मला फार आवडून गेला होता, न पाहताच. कारण त्याने सगळं तिच्या स्वयंपाकघरातून समजावलं होतं. विस्तव मंदावला की तू फुंकणीने हवा मारतेस आणि जाळ उसळतो, तसं या गाडीच्या नाकात एक यंत्र आहे, ते इंजिनाला हवा फुंकतं. अशा फुंकणीच्या गाड्या कंपनीने मोजक्याच केल्या. म्हणून काकींच्या तोंडी ती कायम "फुंकणीची गाडी". कंपनीचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. त्यांना ते महत्त्वाचं वाटत नसावं.

त्यांना ही गाडी का हवी होती, ते मला पहिलं वर्षभर कळलं नाही. एकदा तापाने आडवा झालो होतो. काकी उशाशी बसून मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होत्या, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. एका शिमग्याला यजमान घरी आले ते हवेत तरंगतच. पुण्याकडच्या सरळ रस्त्यावर, शेठना शेजारी बसवून, त्यांनी गाडी शंभर मैलांनी पळवली होती. देवळापुढच्या मांडावर, शिमग्याला गाव जमतो तिथे, सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ तांडेल होते, स्वतःचा मचवा घेऊन दर्यावर जाणारे, गावात शब्दाला वजन असलेले. ते म्हणाले, आगगाडीसुद्धा इतकी पळत नाही, भावाला मुंबईची थाप मारायची सवय लागली. सगळा मांड हसला. यजमान म्हणाले, पुढच्या खेपेला गाडीच घेऊन येतो. पुढची खेप आली नाही. त्याच वर्षी मुंबईत विषमज्वराने गेले. आणि बाराव्याला, जेवणं झाल्यावर, सुपारी खाता खाता तांडेल कुणाशी तरी बोलून गेले, "शंभराच्या गाडयेन गेलो तो. थांबतलो कसो?"

दाराआडून काकींनी ते ऐकलं. त्या दिवसापासून दिराशी बोलणं बंद. घरं लागून, विहीर एक, अंगणातला फणस सामाईक, आणि वीस वर्षं शब्द नाही. फणस उतरला की अर्धा इकडे यायचा, मुकाट्याने. काही सांगायचंच झालं तर मध्ये तिसरं माणूस लागायचं, आणि ते काम आता माझ्याकडे आलं होतं.

"माझो घोव खोटा बोलणारो नव्हतो," काकी म्हणाल्या आणि पट्टी बदलली. "गाडी आणून दाखवतलंय."

ताप असूनही माझी झोप उडाली. त्यानंतर मी त्या गाडीला हसलो नाही. उलट त्यांच्या नादाला लागलो म्हणा ना.

खरेदीची तऱ्हा अशी. मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र चार दिवसांनी शिळं होऊन यायचं. त्यातल्या जुन्या मोटारींच्या जाहिराती मी मोठ्याने वाचायच्या, काकी भाजी चिरत ऐकायच्या. 'उत्तम स्थितीत' असं आलं की पुढे वाचायचं नाही. 'दुरुस्ती आवश्यक' आलं तर विळी थांबायची. म्हणायच्या, दोष सांगतो तो माणूस खरा, त्याला पत्र घाला. मी पत्रं घालायचो. दोन सिटांची आहे का, इंजिनाच्या पुढे हवा फुंकणारं यंत्र आहे का. उत्तरं मजेशीर यायची. एका गृहस्थाने कळवलं की यंत्र नाही, पण भोंगा फार मोठा आहे.

कोल्हापूरला आम्ही स्वतः गेलो. घाट चढून, एस.टी.त तीनदा ओकून (मी, काकी नाही). तिथे एक दलाल होता, गाडी रंगवून लख्ख केलेली. लांब नाक, तांबडा रंग, माझं तर मनच बसलं. काकी तिच्याभोवती एकदा फिरल्या. मासळीबाजारात माशाचा कल्ला उचलून बघतात तशा त्यांनी पुढची जाळी बोटाने उचकून आत पाहिलं. धुराच्या नळीत तर्जनी घालून बाहेर काढली, वास घेतला. मग नऊवारीचा पदर खोचला आणि सरळ जमिनीवर आडव्या होऊन गाडीखाली गेल्या. दलालाची माणसं बघत उभी, मी शरमेने आकाशाकडे बघतोय. बाहेर आल्यावर त्यांनी हँडल मागितलं. तेव्हाच्या गाड्या पुढून हँडल फिरवून सुरू करता येत. काकींनी हँडल लावून दोन-तीनदा फिरवलं. दलाल खुशीत म्हणाला, बघा बाई, किती हलकं फिरतंय.

काकींनी हँडल काढून त्याच्या हातात ठेवलं. "जात्यात दाणो नसलो की जाता असाच फिरता."

पत्रात होतं ना. चांगलं इंजिन अर्ध्या फेऱ्याला हाताला उलट ढकलतं, जोर दाखवतं. हे हलकं फिरतंय म्हणजे आतून झिजून गेलेलं. दलालाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. परतीच्या वाटेवर मी हिरमुसलो होतो आणि काकी एस.टी.च्या खिडकीशी बसून घाटातल्या वळणांवर हातातल्या पिशवीचं गोल कडं डावीउजवीकडे फिरवत होत्या.

बेळगावची गाडी खरी चांगली होती. एका निवृत्त अधिकाऱ्याची, निगुतीने ठेवलेली. हँडलने काकींचा हात असा झटकला की त्या खुदकन हसल्या. म्हातारा विकायला तयार, मी तर मनातल्या मनात ती आचऱ्याला आणूनही ठेवली. पण तिला फुंकणी नव्हती. काकी बराच वेळ तिच्या चाकावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि नको म्हणाल्या. मी वैतागलो. म्हटलं, काकी, धावेल की ही, काय अडलंय? त्या म्हणाल्या, फुंकणीशिवाय शंभर झाले नाहीत तर भावजी म्हणतील बघा, आणि झाले तर म्हणतील ही गाडीच वेगळी. मला पटलं. पटलं म्हणून जास्तच राग आला.

गंमत म्हणजे तशी एक गाडी कुठे आहे हे काकींना आधीपासून ठाऊक होतं. हद्द बंद व्हायच्या आधी तांडेलांच्याच मचव्यावरच्या एका खलाशाने सांगितलं होतं. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, पेडण्याच्या बाजूला, एका भाटकाराच्या, म्हणजे तिकडच्या जमीनदाराच्या, गोठ्यात लांब नाकाची गाडी पडून आहे आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. पण पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य, हद्द बंद झालेली. शिरोड्याच्या पुढे जाऊन उभं राहिलं की पलीकडचे माड दिसायचे, पण जाता येत नव्हतं. काकी वर्षातून एकदा तिथे जाऊन बघून यायच्या. मी एकदा बरोबर गेलो होतो. बघितलं काय? माड. पण त्या अशा समाधानाने परतल्या की जणू गाडीचं हँडल फिरवून आल्या.

गोवा मुक्त झाला तेव्हा गावात पेढे वाटले. काकींनीही वाटले, आणि माघात आम्ही खाडी उतरलो.

भाटकार वारलेले होते. घरात भाटकारीण एकटी, ऐंशीच्या घरातली, मुलगा पोर्तुगालला. ती कोंकणी बोलायची, काकी मालवणी, दोघींचं छान चाललं. गाडी होती. शेणाने, पिसांनी माखलेली, चाकांची हवा गेलेली, पण होती. काकींनी एकेक कोंबडी अलगद उचलून बाहेर ठेवली. हँडल हलेना. त्यांनी इंजिनात तेल ओतलं आणि आम्ही दोन दिवस भाटकारणीच्या ओट्यावर बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी काकींनी हँडलला हात घातला, अंगाचा भार दिला, ते कुरकुरलं, फिरलं आणि अर्ध्या फेऱ्यावर त्यांना उलट ढकललं.

"धक्को दिल्यान," काकी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही, खोटं कशाला बोलू.

पण फुंकणी नव्हती. नाकातली तिची जागा रिकामी, भोकांना बुचं मारलेली. म्हणजे कुणीतरी मुद्दाम काढलेली. भाटकारणीने कानावर हात ठेवले, मला यंत्रातलं काय कळतंय म्हणाली. मला वाटलं, संपलं. काकींनी घाई केली नाही. ओट्यावर तिच्याजवळ बसल्या आणि नवऱ्याची गोष्ट सांगितली. मांड, हसणारे लोक, बाराव्याची सुपारी, सगळं. म्हातारी ऐकत राहिली. मग उठली, आत गेली, आणि भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून गोणपाटात गुंडाळलेली जड वस्तू काढायला लागली. मी धावत जाऊन हात दिला. मुलगा गाडी फार पळवायचा, हिला रात्रंदिवस धास्ती. शेवटी मिस्त्रीला फितवून तिने ती काढून घेतली आणि कणगीत पुरली. मुलाला आजवर पत्ता नाही. आता त्याला टक्कल पडलंय, म्हणाली, आता घेऊन जा. निघताना काकींच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "सवकास चलय गो, बाये." हळू चालव. काकींनी मान हलवली. ती खोटी होती हे तिघांनाही माहीत होतं. व्यवहाराचं एवढंच सांगतो, की काकींच्या डब्यातल्या पाटल्या त्या दिवशी कामी आल्या.

आता गाडी आचऱ्याला आणायची कशी? ती चालत नव्हती, आणि रस्त्यातल्या खाड्यांवरून ओढत आणणं अशक्य. मचवाच हवा. आणि हद्द उघडल्यापासून गोव्याहून कौलं भरून आमच्या बंदरात येणारा मचवा एकच, तांडेलांचा. मी निरोप्या. जाऊन सांगितलं. तांडेल जाळं दुरुस्त करत बसले होते. सत्तरीचा माणूस, भुवया पांढऱ्या, पण खांदे अजून डोलकाठीसारखे. त्यांनी बराच वेळ सुई चालवली आणि म्हणाले, वजन किती? मी सांगितलं. म्हणाले, उधाणाच्या भरतीला आणीन. काकींनी उलट निरोप धाडला की भाडं घ्यावं लागेल. त्यांनी तो ऐकलाच नाही असं केलं.

कौलांच्या राशीवर, गवताच्या पेंढ्यांत बसवलेली ती गाडी मचव्यातून खाडीत शिरली तेव्हा अर्धा गाव बंदरावर होता. फळ्या टाकून खाली उतरवली. तांडेलांनी स्वतः पुढच्या चाकाला पाचर लावली. काकी दहा हातांवर उभ्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटलं होतं.

लाँचींची इंजिनं दुरुस्त करणारा एक मिस्त्री मालवणहून आणला. तो आणि काकी दोन महिने त्या गाडीत डोकं घालून होते. पत्रं शेजारी, पाटावर, वर दगड ठेवलेला. मिस्त्री सुरुवातीला कुरकुरला, नंतर अडलं की स्वतःच विचारायचा, "काकी, काकांनी काय लिवलाहा?" चैत्र लागला आणि गाडी सुरू झाली. तो आवाज ऐकून आमच्या गल्लीतली सगळी कुत्री खाडीपलीकडे गेली.

चालवायची कुठे, हा प्रश्न माझा. आमचा रस्ता नारळापुरता साफ झाला होता, पण खडीचाच, त्यावर शंभर म्हणजे मरण. सपाट, सरळ, मैलभर लांब अशी एकच जागा होती, ओहोटीची ओली पुळण, किनाऱ्यावरची वाळू. पण कुठल्या दिवशी वाळू सगळ्यात घट्ट आणि रुंद मिळेल हे जाणणारा माणूस पुन्हा तोच. मी निरोप घेऊन गेलो. तांडेलांनी बोटांची पेरं मोजली. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य वर आल्यावर घटकाभराने. मी निघालो तर मागून म्हणाले, पाण्याच्या अगदी जवळून नको, दहा पावलं वरून. हे मी जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी माझ्या भातावर तूप जास्त पडलं.

आठ दिवस काकी सकाळ-संध्याकाळ पुळणीवर गाडी शिकल्या. मिस्त्री म्हणाला, मी आयुष्यात असा विद्यार्थी पाहिला नाही, पाय आपोआप पडतात. पडणारच. वीस वर्षं करवंट्यांवर पडत होते.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी मी साखळीने एक मैल दोनदा मोजून दोन्ही टोकांना बांबू रोवले. ड्रिल मास्तरांचं शर्यतीचं घड्याळ माझ्या हातात, मी शेवटच्या बांबूपाशी. पहिल्या बांबूपाशी मिस्त्री, शिडाचा तुकडा बांधलेली काठी घेऊन. गाडी बांबूवरून गेली की काठी खाली. त्याआधी काकींनी मला बाजूला बोलावलं आणि शेवटचा निरोप दिला. त्यांना सांगा, शेजारी बसावं लागेल.

मी सांगितलं. गाव ऐकत होता. तांडेलांनी टोपी काढून मिस्त्रीकडे दिली आणि गुडघे पोटाशी घेऊन त्या चिमुकल्या सिटात बसले.

मैलावरून मला फक्त ते शीड दिसत होतं. ते खाली पडलं, मी घड्याळ दाबलं. आधी आवाज आला, मग वाळूवर एक ठिपका, मग तो ठिपका मोठा होत होत माझ्याच अंगावर यायला लागला. काकींचा पदर मागे शिडासारखा ताणलेला. मी मनात मोजत होतो. तीस. चौतीस. छत्तीस झाले, गाडी अजून यायचीच होती. गाडी बांबूवरून गेली आणि मी घड्याळ दाबलं. पंचेचाळीस. ताशी ऐंशी मैल.

घड्याळ फक्त मी पाहिलं होतं. गाव धावत येत होता, पण अजून लांब होता. उभ्या नोकरीत मी एका फुटाचं खोटं माप लिहिलेलं नाही, आणि त्या क्षणी मला छत्तीस म्हणायचं होतं. मनापासून. गाडी वळून हळूहळू माझ्यापाशी आली. काकींनी इंजिन बंद केलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"खरा काय ता सांगा. खोटा सांगलात तर माझ्या पानार बसा नकात."

मी खरं सांगितलं. पंचेचाळीस, ऐंशी मैल. काकींनी स्टिअरिंगच्या चाकावरचे हात सोडले आणि मांडीवर ठेवले. तांडेल गाडीतून उतरायची खटपट करत होते, केस सगळे उभे. मी हात दिला. गाडीला धरून ते उभे राहिले, श्वास घेतला, आणि माझ्याकडे नाही, सरळ काकींकडे बघून बोलले.

"आठ दिसांची शिकलेली बाई, जुन्या गाडयेन, वाळयेत, माझा वजन घेवन ऐंशी काढता. मगे माझो भाव डांबरार शंभर काढूचो नाय काय?" त्यांचा आवाज फाटला. "काढल्यानच असतले. माझा चुकला गो."

काकी रडल्या. चाकावर डोकं ठेवून, गावासमोर, मोकळ्या रडल्या. तांडेल त्यांच्या पाठीवर हात ठेवावा की नाही या विचारात तसाच हात हवेत धरून उभे राहिले आणि शेवटी त्यांनी तो गाडीच्या दारावर ठेवला. काकींनी पदराने तोंड पुसलं. वीस वर्षांनी दिराला उद्देशून त्यांचा पहिला शब्द निघाला तो असा: "भावजी, च्या घेवन जावा." आणि मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या करड्या आवाजात: "पण ऐंशी म्हणजे शंभर न्हय. डांबर कधी पडतला?"

डांबर पडायला आणखी तीन वर्षं लागली. कणकवलीकडे जाणारा रस्ता सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावरून, एके ठिकाणी मैलभर सरळ जातो. मी सरकारी कामं पुष्कळ केली, बरीचशी पाट्या टाकल्यासारखी. पण त्या एका मैलाची खडी मी उन्हात उभा राहून दाबून घेतली. रोलरवाला म्हणाला, साहेब, इथून काय विमान उडणार आहे का? मी म्हटलं, तू फिरव. दोन्ही टोकांचे मैलाचे दगड मी साखळीने मोजून स्वतः बसवले. डांबर टाकायच्या आधीच माझी खानदेशात बदली झाली. निघताना काकींनी मला एक सोललेला नारळ दिला. तो मी फोडला नाही. वाळून आत खुळखुळायला लागला तरी टेबलावर होता, बायको कितीही ओरडली तरी.

पुढे मैल जाऊन किलोमीटर आले. आमच्याही खात्यात सगळीकडे जुने दगड उपटून नवे बसवायची धांदल सुरू होती. त्याच सुमारास एक कार्ड आलं. अक्षर थरथरतं, अनोळखी. खाली सही पाहिली तर तांडेलांची. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे.

"मैलाचे दगड उपटायला माणसे आली, म्हणून काल सकाळी तुमच्या रस्त्यावर काम उरकून घेतले. छत्तीस सेकंद. घड्याळ माझ्या हातात होते. धाकट्याला कळवायला पत्ता नाही, म्हणून तुम्हांला कळवतो."